गुन्हा तिघांचा, बंदी संघाला

ऑक्टोबर २०२१मध्ये डेन्मार्कच्या आरहूस शहरात इंडोनेशियाने चीनला ३-० असं लोळवलं आणि एकोणीस वर्षांनी थॉमस करंडक पुन्हा जिंकला. शेवटच्या सामन्यात जोनाथन क्रिस्टीने विजय पक्का केला, तेव्हा जकार्तात रात्र झाली असेल आणि निम्मा देश जागा असणार. बक्षीस समारंभात मात्र लाल-पांढरा राष्ट्रध्वज दिसलाच नाही. त्याच्या जागी वर चढला तो त्यांच्या बॅडमिंटन संघटनेचा ध्वज.

त्या संघातला एकही खेळाडू उत्तेजक घेताना सापडला नव्हता. चूक झाली होती ती त्यांच्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची. खेळाडूंच्या पुरेशा चाचण्या झाल्या नाहीत, म्हणून जागतिक संस्था ‘वाडा’ने दहा दिवस आधीच इंडोनेशियाला नियमभंग करणाऱ्यांच्या यादीत टाकलं होतं. कोविडमुळे स्पर्धाच झाल्या नाहीत तर चाचण्या कुठून करणार, ही सबब चालली नाही. पुढच्या फेब्रुवारीत कागदपत्रं पूर्ण झाली आणि झेंडा परत मिळाला. तीनच महिन्यांनी, मे २०२२मध्ये, याच इंडोनेशियाला हरवून भारताने पहिल्यांदा थॉमस करंडक जिंकला. तेव्हा इंडोनेशियाचा झेंडा जागेवर होता, करंडक गेला.

डोपिंग म्हटलं की आपल्याकडे नरसिंग यादव आठवतो. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर चाचणीत सापडला. आपल्या राष्ट्रीय संस्थेने, ‘नाडा’ने, घातपाताचा दावा मानून त्याला सोडलं, ‘वाडा’ आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. त्या निकालावर आजही वाद घालता येईल, पण शिक्षा एका माणसाला होती. तुझ्या शरीरात सापडलं ना, मग जबाबदार तू, असा तो सरळ हिशेब. भारताचे बाकीचे पैलवान रिओत खेळले आणि साक्षी मलिकने पदकही आणलं.

मग अख्ख्या संघाला शिक्षा कोणत्या न्यायाने होते? खेळाडूला वाटतं आपण ऑलिम्पिकला आपल्या कर्तबगारीवर जातो. कागदोपत्री तसं नसतं. आंतरराष्ट्रीय महासंघाचा सभासद असते ती राष्ट्रीय संघटना. खेळाडूची प्रवेशिका तीच भरते आणि ऑलिम्पिकला राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्याला पाठवते. संघटनेचं सभासदत्व स्थगित झालं, की प्रवेशिका भरणारा हातच उरत नाही. जुलै २०१६मध्ये, डोपिंगपायी संघटना निलंबित असताना, रशियाच्या ६८ अ‍ॅथलिट्सनी लुझानच्या क्रीडा लवादापुढे दाद मागितली, आम्ही कुठे सापडलो आहोत, असं त्यांचं म्हणणं. लवादाने दाद फेटाळली. संघटना बाद, म्हणून तुम्ही बाद. तांत्रिक उत्तर आहे, आणि मला ते तर्काला धरूनही वाटतं. न्याय्य आहे का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

या शिक्षेचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मळलेलं मैदान म्हणजे वेटलिफ्टिंग. आणि वेटलिफ्टिंगमध्ये बल्गेरिया.

जेमतेम ८०-९० लाख लोकवस्तीच्या या देशाने एके काळी सोव्हिएत संघाला घाम फोडला होता. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये मित्को ग्राब्लेव्ह आणि अँगेल गेन्चेव्ह यांनी सुवर्ण जिंकलं आणि दोघांच्याही लघवीत फ्युरोसेमाइड निघालं. पदकं काढून घेतली, उरलेला संघ गाशा गुंडाळून घरी गेला. फ्युरोसेमाइड म्हणजे आपल्याकडे आजी-आजोबांच्या पायावर सूज आली की डॉक्टर लिहून देतात ती लॅसिक्सची गोळी. तिने ताकद वाढत नाही. वाढते ती लघवी. त्यामुळे वजन झटक्यात उतरतं, खालच्या गटात बसता येतं आणि लघवी इतकी पातळ होते की आधी घेतलेल्या स्टेरॉइडचा माग लागणं अवघड होतं.

बारा वर्षांनी सिडनीत पुन्हा तेच औषध आणि तोच संघ. महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आलं होतं आणि त्यातलं पहिलंवहिलं सुवर्ण ४८ किलो गटात बल्गेरियाच्या इझाबेला द्रागनेव्हाने जिंकलं होतं. ते गेलं. इवान इवानोव्हचं रौप्य गेलं, सेव्हदालिन मिन्चेव्हचं कांस्यही गेलं. तीन सापडले, म्हणून महासंघाने अख्खा संघ स्पर्धेतून हाकलायचा निर्णय घेतला. कर्णम मल्लेश्वरीने भारतासाठी कांस्य जिंकलं ती हीच स्पर्धा.

पुढे बल्गेरियाचे अकरा लिफ्टर २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आधी सापडले आणि देशाने आपणहून संघ मागे घेतला. २०१५मध्ये पुन्हा अकरा सापडले, या वेळी स्टॅनोझोलोल हे स्टेरॉइड होतं. रिओचं दार बंद झालं. १९८८, २०००, २००८, २०१५ अशी ही साखळी पाहिली, की संघबंदीने संघ सुधारतो हे गृहीतक ढासळायला लागतं. प्रत्येक वेळी लिफ्टरांची नवी पिढी होती. बदललं नव्हतं ते संघटनेचं गणित. पदक आलं तर पैसा येतो, सापडलो तर एखादी स्पर्धा चुकते.

वेटलिफ्टिंगच्या महासंघाने या शिक्षेचं जणू दरपत्रकच लावून ठेवलं होतं. वर्षभरात तीन किंवा जास्त खेळाडू सापडले तर राष्ट्रीय संघटनेवर बंदी, आणि सोबत दंड. यात एक खोच होती. देशाच्या स्वतःच्या डोपिंगविरोधी संस्थेने पकडलेले खेळाडू या तिनात धरायचे नाहीत, बाहेरच्यांनी पकडलेले तेवढे धरायचे. हे शहाणपणाचं होतं. नाहीतर आपलेच खेळाडू पकडून आपल्याच गळ्यात बंदी कोण अडकवून घेईल? पण दंडाचं काय झालं, ते २०२०मध्ये बाहेर आलं. कॅनडाचे कायदेपंडित रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशीत दिसलं की महासंघाचे अध्यक्ष तमाश आयान डोपिंगच्या दंडाची रक्कम रोखीत, स्वतःच्या हातात घेत असत. १ कोटी ४ लाख डॉलरचा हिशेब लागत नव्हता आणि ४० पॉझिटिव्ह निकाल दडपलेले होते. हे गृहस्थ १९७६पासून आधी सरचिटणीस आणि मग अध्यक्ष म्हणून त्या घरात होते. बंदी टाळायची तर दंड भरा, आणि दंड घ्यायला साहेब स्वतः बसलेत. अशा ठिकाणी नियम कितीही कडक असला तरी त्याचा धाक कुणाला?

भारतही या दरपत्रकातून गेला आहे. २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत आपले लिफ्टर सापडले आणि देशावर आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगमध्ये बंदी आली. २००९मध्ये पुन्हा सहा जण सापडले. या खेपेला दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर होती आणि आपल्याच घरच्या मांडवात आपला संघ नाही, ही नामुष्की टाळायला ५ लाख डॉलर मोजले गेले. बंदी टळली, संघ उतरला, दोन सुवर्णंही मिळाली. हे पैसे ज्यांच्यामुळे भरावे लागले, त्या प्रशिक्षकांचं आणि पदाधिकाऱ्यांचं पुढे काय झालं, याची चर्चा मात्र त्या पदकांच्या आनंदात कुणी केली नाही.

याच बंदीचा फायदाही आपल्याला झाला आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही. बीजिंग आणि लंडन ऑलिम्पिकचे जपून ठेवलेले नमुने नव्या यंत्रांवर पुन्हा तपासल्यावर डझनांनी खेळाडू सापडले. ऑक्टोबर २०१७मध्ये चीन, रशिया, कझाकस्तान, युक्रेन, तुर्कस्तान यांच्यासह नऊ देशांवर वर्षभराची बंदी आली. त्यानंतर लगेच अमेरिकेत अ‍ॅनाहाइमला झालेल्या जागतिक स्पर्धेत मीराबाई चानूने ४८ किलो गटात एकूण १९४ किलो उचलून सुवर्ण जिंकलं. मल्लेश्वरीच्या जागतिक सुवर्णानंतर बावीस वर्षांनी. चिनी मुली नव्हत्या म्हणून जिंकली, अशी कुजबुज झालीच. टोकियोत चीनची हौ झिहुई समोर होती, मीराबाईने २०२ किलो उचलले आणि रौप्य घेतलं. कुजबुज बंद झाली.

फेरतपासणीने काय उलथापालथ केली, हे बघायचं तर लंडन २०१२मधला पुरुषांचा ९४ किलो गट बघावा. व्यासपीठावर उभे राहिलेले तिघं कझाकस्तान, रशिया आणि मोल्दोवाचे. तिघंही नंतर बाद. चौथा बाद. पाचवा इराणचा सईद मोहम्मदपूर, त्याला काही वर्षांनी सुवर्ण मिळालं. सहावा बाद, सातवाही बाद. आठव्या आलेल्या कोरियाच्या किम मिन-जेला रौप्य. नववा आलेला पोलंडचा टोमाश झेलिन्स्की, त्याच्या गळ्यात कांस्य पडलं. आणि हाच झेलिन्स्की २०१६मध्ये रिओच्या क्रीडानगरीतून डोपिंगपायी घरी धाडला गेला होता. पहिल्या सातांतले सहा जण गेले. अशा वेळी ‘एखाद्या खेळाडूची चूक’ हे शब्द वापरणंच हास्यास्पद होतं, आणि संघबंदीची बाजू घेणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

रशियाची गोष्ट मात्र वेगळ्या जातीची. बल्गेरियात संघटना डोळेझाक करत होती, रशियात सरकार स्वतः कामाला लागलं होतं.

डिसेंबर २०१४मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर एक माहितीपट लागला. त्यात धावपटू युलिया स्टेपानोव्हा आणि तिचा नवरा विताली, जो रशियाच्याच डोपिंगविरोधी संस्थेत नोकरीला होता, यांनी सगळं उघड केलं. पुढे मॉस्को प्रयोगशाळेचे प्रमुख ग्रिगोरी रॉडचेन्कोव्ह अमेरिकेला पळाले आणि मे २०१६मध्ये त्यांनी २०१४च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये काय चाललं होतं, ते सांगितलं.

खेळाडूचा नमुना दोन बाटल्यांत भरतात, अ आणि ब. झाकण एकदा घट्ट बसलं की ते फोडल्याशिवाय बाटली उघडत नाही, अशी त्या स्विस बाटल्यांची ख्याती. सोचीच्या प्रयोगशाळेत खोली क्रमांक १२५मध्ये अधिकृत काम चाले. शेजारची १२४ नावाला भांडारखोली. दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीला जमिनीलगत एक भोक पाडलेलं होतं आणि दिवसा ते एका छोट्या कपाटाआड झाकलेलं असे. रात्र झाली, की ठरलेल्या खेळाडूंच्या बाटल्या त्या भोकातून पलीकडे जायच्या. तिथून गुप्तचर खात्याचा माणूस त्या शेजारच्या इमारतीत न्यायचा. या माणसाकडे प्लंबर म्हणून वावरायचा परवाना होता. काही वेळाने बाटल्या परत यायच्या, झाकणं उघडलेली. खेळाडूंनी महिन्यांपूर्वी, औषध बंद असताना दिलेली लघवी गोठवून ठेवलेलीच असे. ती वितळवून भरायची आणि आधीच्या नोंदींशी घनता जुळावी म्हणून चवीपुरतं नव्हे, मोजूनमापून मीठ घालायचं. घाईत गफलती झाल्या. महिला आइस हॉकीच्या दोन खेळाडूंच्या नमुन्यांत पुरुषाचा डीएनए सापडला. झाकणांच्या आतल्या बाजूला सूक्ष्म ओरखडे सापडले.

खुद्द औषधाचीही कृती होती. तीन स्टेरॉइडं दारूत विरघळवायची, पुरुषांसाठी व्हिस्कीत आणि बायकांसाठी व्हर्मुथमध्ये. मिश्रण तोंडात खळखळवायचं, म्हणजे ते तोंडाच्या त्वचेतून आत जातं आणि माग कमी दिवस राहतो. मॅक्लारेन यांच्याच २०१६मधल्या अहवालांनुसार २०११ ते २०१५ या काळात तीसहून अधिक खेळांतले हजारावर रशियन खेळाडू या ना त्या मार्गाने या यंत्रणेत गुंतलेले होते. मॉस्कोच्या प्रयोगशाळेत एखादा नमुना पॉझिटिव्ह निघाला की तो क्रीडा मंत्रालयाला कळवला जायचा आणि तिथून उत्तर यायचं, याला वाचवा किंवा याचं रीतसर होऊ द्या.

या प्रकरणातून संघबंदीचं खरं कारण कळतं. यंत्रणेचा गुन्हा सिद्ध होतो, पण तिने इतक्या बेमालूमपणे पुरावा नष्ट केलेला असतो, की एकेका खेळाडूविरुद्ध तो सिद्ध होत नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये लवादाने सोचीच्या २८ रशियन खेळाडूंवरची शिक्षा रद्द केली. ते निर्दोष आहेत असं लवादाने म्हटलं नाही, पुरावा अपुरा आहे एवढंच म्हटलं. म्हणजे चोर यंत्रणा पकडली गेली, माल सापडला आणि मालकी कुणाची ते ठरेना. उरतो तो देश.

देशाला शिक्षा काय झाली, हे बघताना मात्र मला हसावं की चिडावं कळत नाही. २०१६मध्ये एकाच शहरात, एकाच अहवालावरून दोन निकाल लागले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने निर्णय एकेका खेळाच्या महासंघावर ढकलला आणि २७०हून अधिक रशियन खेळाडू रिओत उतरले. महिनाभराने तिथेच पॅरालिम्पिक झालं. पॅरालिम्पिकच्या समितीने रशियाला सरसकट बाहेर ठेवलं, एकही खेळाडू नाही. ज्यांच्यामागे पैसा आणि राजकीय वजन सगळ्यात कमी, त्या अपंग खेळाडूंच्या वाट्याला सगळ्यात कडक न्याय आला. तत्त्व म्हणून पॅरालिम्पिक समिती बरोबर होती असं मला वाटतं. पण असा ताठपणा बड्यांना दाखवायची हिंमत कुणी केली नाही, हेही खरं.

२०१८च्या प्योंगचांगला ‘रशियातून आलेले ऑलिम्पिक खेळाडू’ असं लांबलचक नाव होतं. त्यांच्या आइस हॉकी संघाने जर्मनीला अंतिम सामन्यात ४-३ हरवलं, ऑलिम्पिकचं गीत वाजायला लागलं आणि खेळाडूंनी त्यावर आवाज चढवून आपलं राष्ट्रगीत गायलं. पुढे ‘वाडा’ला दिलेल्या मॉस्कोच्या संगणकीय नोंदींतही फेरफार निघाले, चार वर्षांची बंदी लागली आणि डिसेंबर २०२०मध्ये लवादाने ती निम्म्यावर आणली. टोकियोत रशियाच्या ऑलिम्पिक समितीच्या आद्याक्षरांखाली ते खेळले. गणवेशावर तेच पांढरे-निळे-लाल रंग, राष्ट्रगीताच्या जागी चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो, आणि ७१ पदकं. याच काळात सेंट पीटर्सबर्गमध्ये युरो फुटबॉलचे सामने रंगले, कारण युरो ही बंदीच्या व्याख्येत बसत नव्हती.

अ‍ॅथलेटिक्सने तेवढा कणा दाखवला. नोव्हेंबर २०१५मध्ये घातलेलं निलंबन त्यांनी मार्च २०२३पर्यंत उठवलं नाही. ज्यांची चाचणी देशाबाहेरच्या यंत्रणेकडून नियमित होत होती, त्यांना तटस्थ म्हणून सोडलं. रिओत या निकषावर एकटी दारिया क्लिशिना उतरली. उंच उडीची मारिया लासित्स्केने २०१५ची जगज्जेती, कधीही सापडलेली नाही, पण रिओ ऑलिम्पिकला ती घरी बसली. २०१७ आणि २०१९ची जागतिक सुवर्णं तिने देशाविना जिंकली आणि टोकियोत २.०४ मीटरवरून उडी मारून ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. स्वतःच्या देशाच्या पदाधिकाऱ्यांना ती जाहीरपणे बोल लावत असे. संघबंदीचा एक हेतू हाच असतो, स्वच्छ खेळाडूंनी आपल्या संघटनेची कॉलर धरावी. तिने धरली. बाकीच्या बहुतेकांनी पश्चिमेच्या कटाला दोष दिला.

आता आपल्याकडे वळू, कारण ही चर्चा आपल्याला परकी राहिलेली नाही. ‘वाडा’च्या २०२३च्या आकडेवारीत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ पॉझिटिव्ह होते, ३.८ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक. २०२४मध्ये चाचण्या वाढल्या, ७,११३ झाल्या, आणि पॉझिटिव्ह निघाले २६०. मग भारतावर बंदी का नाही? कारण नुसत्या आकड्यावरून देशाला शिक्षा होत नाही. पकडले जातात म्हणजे निदान पकडणारं कुणीतरी आहे. सोचीच्या स्पर्धेत रशियाची पाटी स्वच्छ होती, हे विसरून चालणार नाही.

भारताची मान अडकू शकते ती इंडोनेशियाच्या फासात, यंत्रणेच्या ढिलाईत. दिल्लीची राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळा ऑगस्ट २०१९मध्ये निलंबित झाली आणि डिसेंबर २०२१पर्यंत आपले नमुने परदेशी पाठवावे लागत होते. २०२२मध्ये कायदा झाला, त्यात ‘नाडा’वर देखरेख ठेवणारं एक सरकारनियुक्त मंडळ होतं. ‘वाडा’ने आक्षेप घेतला, खेळाडू पकडणाऱ्या संस्थेवर सरकारचा हात नको. मॉस्कोतल्या त्या ‘वाचवा’च्या निरोपांनंतर हा आक्षेप येणारच होता. अखेर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने दुरुस्ती करून ‘नाडा’ला कामकाजाचं स्वातंत्र्य दिलं. २०१८पासून ‘वाडा’च्या हाती नियमभंगासाठी ज्या शिक्षा आहेत, त्यांत झेंडा जाणं आहे, पदाधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय खुर्च्यांपासून दूर ठेवणं आहे आणि स्पर्धांचं यजमानपद नाकारणंही आहे. २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे आणि २०३६च्या ऑलिम्पिकसाठी आपण रांगेत उभे आहोत. म्हणूनच की काय, दुरुस्तीचं विधेयक दोन्ही सभागृहांतून लागोपाठच्या दोन दिवसांत मंजूर झालं.